‘टर्ब्युलंट’ शिकायचा तर आधी पाण्याकडे बघा

“डिक्शनरीत बघितलंय की हो सर. टर्ब्युलंट म्हंजे गोंधळाचा, अस्थिर.”

माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलीने हे सांगितलं आणि वहीत खाली वाक्य लिहिलं : माय रूम इज टर्ब्युलंट. अर्थ तिने बरोबर पाठ केला होता. वाक्य मात्र कोणताही इंग्रजी वाचणारा माणूस थांबून पुन्हा वाचेल असं झालं होतं. कपडे पलंगावर, पुस्तकं खाली, दप्तर दारात, एवढं तिला सांगायचं होतं. त्यासाठी ‘मेसी’ पुरे. पसारा पडून असतो, तो हलत नाही. आणि टर्ब्युलंट व्हायला काहीतरी हलावं लागतं.

त्या दिवशी मी बाकीचा धडा बाजूला ठेवला आणि उरलेला तास या एकाच विशेषणावर घालवला. पुढे दरवर्षी तेच करू लागलो. खानापूर, चंदगडच्या बाजूची गावं, निपाणी, येळ्ळूर, कडोली इथून बेळगावला शिकायला येणाऱ्यांची अडचण मला माहीत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सोबत कन्नड, आणि पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, पाऊल ठेवलं की सगळी पुस्तकं इंग्रजीत. मग मुलं रोज पन्नास शब्द पाठ करायला लागतात आणि महिन्याभरात त्यातले पाचही हाताशी राहत नाहीत. माझं ऐकाल तर आठवड्याला एक शब्द घ्या, पण तो नीट घ्या. कसा घ्यायचा ते या एका शब्दावर दाखवतो.

आधी बघा, मग वाचा

डिक्शनरी उघडण्याआधी घरात एक अगरबत्ती लावा. पंखा बंद, खिडकी बंद, अगरबत्ती उभी. काही इंच धूर दोरीसारखा सरळ वर जाईल. मग तो डुलायला लागेल, वेटोळी घेईल, आणि त्याच्याही वर फुटून भलतीकडे पसरेल. खालचा सरळ भाग शांत. वरचा, जिथे पुढच्या क्षणी धूर कुठे वळेल ते सांगता येत नाही, तो टर्ब्युलंट. देवघरासमोर बसून हे आपण आयुष्यभर बघत आलो, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

दुसरी जागा नदी. खानापूरजवळ असोग्याच्या रामलिंग मंदिरापाशी मलप्रभा खडकांतून जाते. जानेवारीत गेलात तर पाणी खडकाला वळसा घालून गुपचूप निघून जातं, तळातले गोटे मोजता येतात. तीच मलप्रभा जुलैत बघा. वर कणकुंबीच्या डोंगरात, जिथे ती उगम पावते, तिथे चार दिवस झड लागलेली असते. पाणी तांबडं, गढूळ, खडकामागे भोवरे, मध्येच उसळी, ओंडका आला तर तो दोनदा फिरून तिसऱ्याच बाजूला जातो. पाणी जोरात वाहतंय एवढं म्हणून भागत नाही. ते आपल्याच अंगात उलटंसुलटं फिरतंय. टर्ब्युलंट या शब्दाचं चित्र हेच आहे. ते एकदा डोळ्यांत बसलं की पुढच्या अर्ध्या चुका होतच नाहीत.

पावसाळ्यात पाण्याजवळ जाऊ नका, पुलावरून बघा. हे मी वर्गात दरवेळी सांगतो आणि इथेही सांगतो.

तोंडात बसवा

शब्दाचे तीन तुकडे : टर्, ब्यु, लंट. जोर पहिल्यावर. आपण मराठी माणसं शब्दातली सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो, त्यामुळे ‘टर-बु-लेंट’ असं तीन वेगळे दगड टाकल्यासारखं होतं. मधलं अक्षर ‘बु’ नाही, ‘ब्यु’ आहे, ‘अँब्युलन्स’मधल्यासारखं. शेवटचं ‘लंट’ इतकं हलकं म्हणा की ‘लन्ट’ आणि ‘लण्ट’ यांच्या मध्ये कुठेतरी पडेल. इंग्लंडचा माणूस पहिल्या तुकड्यातला र जवळजवळ गिळतो. आपण तो म्हटला तरी काही बिघडत नाही, भारतात सगळे म्हणतात.

स्पेलिंगमध्ये चूक होते ती दोन जागी. टीनंतर यू येतो, ई नाही. आणि शेवटी ई-एन-टी आहे, ए-एन-टी नाही. टी-यू-आर-बी-यू-एल-ई-एन-टी. पाच वेळा हाताने लिहा, मोबाइलवर टाइप करू नका, कारण मोबाइल तिसऱ्या अक्षरानंतर स्वतःच पूर्ण करून देतो आणि तुमच्या हाताला काही कळत नाही.

नाम होतं टर्ब्युलन्स, क्रियाविशेषण टर्ब्युलंटली. तुलना करायची तर मोअर टर्ब्युलंट, मोस्ट टर्ब्युलंट. मागे ईआर लावून शब्द बनवू नका. आणि टर्ब्युलन्स मोजता येत नाही, पाणी किंवा हवा यांसारखं. त्यामुळे त्याच्या आधी ‘अ’ लागत नाही आणि शेवटी एस लावून अनेकवचनही करत नाहीत. ‘सम टर्ब्युलन्स’ म्हणा.

कुळी विचारा

आपल्याकडे नवा माणूस भेटला की गाव विचारतो, आडनाव विचारतो, मग कुठलं तरी नातं निघतं. शब्दाचंही तसंच करा.

लॅटिनमध्ये ‘टुर्बा’ म्हणजे गलका, दंगा, आणि दंगा करणारा जमाव. त्यावरून ‘टुर्बुलेन्टुस’, म्हणजे खळबळीने भरलेला. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला तो आधी माणसांसाठी. न जुमानणारी, बंडखोर माणसं टर्ब्युलंट. पाण्याला आणि हवेला तो नंतर लागला. माणसासाठीचा जुना वापर आज जवळजवळ एका प्रसिद्ध वाक्यात उरलाय. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि आर्चबिशप थॉमस बेकेट यांचं भांडण विकोपाला गेलं आणि २९ डिसेंबर ११७० ला राजाच्या सरदारांनी बेकेटला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये मारलं. ‘या टर्ब्युलंट पाद्र्यापासून मला कोणी सोडवणार नाही का’ असं राजा म्हणाल्याचं सांगतात. त्या काळच्या नोंदीत हे शब्द असे सापडत नाहीत, ते पुढे त्याच्या तोंडी घातले गेले. पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते माहीत असतात, म्हणून तुम्हालाही असू द्या. आज शेजारच्या भांडखोर माणसाला मात्र टर्ब्युलंट म्हणू नका.

आता याच घरातली भावंडं बघा. डिस्टर्ब तुम्हाला माहीतच आहे, ‘डिस्टर्ब करू नको रे’ हे आपण मराठीतच बोलतो. ट्रबल हाही याच कुळातला, फक्त फ्रेंचमधून फिरून आल्यामुळे चेहरा बदलला. टर्बिड म्हणजे गढूळ. आणि टर्बाइन.

टर्बाइनपाशी मी जरा थांबतो, कारण तिथे आपल्याला मराठीतूनच किल्ली मिळते. लॅटिनमध्ये ‘टुर्बो’ हा शब्द गरगर फिरणाऱ्या वस्तूसाठी आहे : वावटळ, आणि पोरांचा दोरी गुंडाळून फिरवायचा भोवरा. मराठीत आपण काय म्हणतो? लाकडाचा भोवरा, आणि नदीतला भोवरा. दोन्हींना एकच शब्द! रोमच्या पोरांनी आणि आपल्या गावच्या पोरांनी खेळण्यात आणि वावटळीत, पाण्यात तीच गोष्ट पाहिली. या ‘टुर्बो’वरूनच क्लोद बुर्दँ या फ्रेंच अभियंत्याने १८२२ मध्ये पाण्यावर फिरणाऱ्या चक्राला टर्बाइन नाव दिलं. गोकाकला घटप्रभा जिथे साधारण ५२ मीटर खाली उडी घेते, तिथल्या गिरणीने त्याच पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यंत्रं चालवली. गोकाक धबधबा बहुतेकांनी सहलीत पाहिलेला असतो. झुलत्या पुलावरून खाली पाहताना जे दिसलं ते टर्ब्युलंट, आणि त्या पाण्याने जे फिरतं ते टर्बाइन. दोन्ही शब्द एका जागी, एका नदीवर.

एक फसवा शब्दही आहे. टर्बन, म्हणजे फेटा. तोही गुंडाळलेला, म्हणून मुलं तो याच कुळीत घालतात. तो फारसीतून, तुर्कीतून आलेला आहे, टुर्बाशी त्याचं काही नातं नाही. अक्षरं सारखी दिसली म्हणून सोयरीक जोडायची नाही.

आपल्याकडे काय आहे ते मोजा

सीमाभागातल्या मुलांना मी नेहमी सांगतो की तुमच्याकडे दोन भाषांची शिदोरी आहे, तिला ओझं समजू नका. पुण्याच्या मुलाला हे मिळत नाही.

गोंधळ हाच शब्द घ्या. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालतात. संबळ वाजतो, तुणतुणं वाजतं, दिवटी पेटते, रात्रभर गोंधळी देवीची आख्यानं लावतात. सौंदत्तीची यल्लमा आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे हे कोणाला नवीन नाही. त्या गोंधळात सगळं क्रमाने चालतं : आधी गण, मग देवतांना आवाहन, मग कथा. आणि तोच शब्द आपण बसस्टँडवरच्या धांदलीलाही वापरतो. कन्नडमध्येही ‘गोंदल’ म्हणजे संभ्रम, आणि ‘गोंदलिगरु’ म्हणजे गोंधळी. एकच शब्द दोन्ही भाषांत, दोन्ही अर्थांनी. म्हणून ‘टर्ब्युलंट म्हणजे गोंधळ’ असं पाठ केलं की घोटाळा होतो. आपला गोंधळ फार मोठा शब्द आहे. त्यात पसारा येतो, संभ्रम येतो, आरडाओरड येते, देवीही येते. टर्ब्युलंट त्यातला एक कोपरा आहे.

जवळचा शब्द हवा असेल तर ‘प्रक्षुब्ध’. तो मराठीत आहे आणि कन्नड वर्तमानपत्रांतही रोज दिसतो. संस्कृतातल्या क्षुभ् या धातूवरून आलेला, म्हणजे घुसळणं, खवळणं. समुद्र क्षुब्ध होतो आणि मनही क्षुब्ध होतं. लॅटिनने जमावाचा शब्द पाण्याला लावला, आणि संस्कृतने पाणी आणि मन दोघांनाही एकाच शब्दात घेतलं. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत टर्ब्युलंट फ्लोला ‘संक्षुब्ध प्रवाह’ म्हणतात, तो त्याच धातूचा.

काळाबद्दल बोलायचं असेल तर ‘धामधुमीचा काळ’ हा आपला जुना, भारदस्त शब्द. आजीच्या पिढीत ‘उलथापालथीची वर्सं’ म्हणत. टर्ब्युलंट टाइम्सचा मराठी अर्थ वहीत लिहायचाच असेल तर हे दोन लिहा, ‘अस्थिर’ नको.

शेजाऱ्यांपासून वेगळा करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शब्दाचा खरा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांच्या बांधाला बांध लावूनच कळतो, शेताचं तसंच.

केऑटिक : धो धो पाऊस, संध्याकाळची वेळ, सेंट्रल बसस्टँड, तीन बस एकदम लागल्यात, कोणती कुठली ते कळत नाही. ही परिस्थिती केऑटिक. क्रम उरलेला नाही हा मुख्य मुद्दा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रिकामी पोकळी, सृष्टीच्या आधीची.

अनस्टेबल : आता उभं आहे, पण कधीही कोसळेल. डगमगती शिडी, काठावरच्या बहुमताचं सरकार, दरड कोसळायला आलेला घाट. अनस्टेबल वस्तू स्थिरही दिसू शकते, टर्ब्युलंट वस्तू कधीच नाही. ‘अस्थिर’ हा शब्द खरा इथला आहे.

व्होलाटाइल : झपकन बदलणारं. मूळ अर्थ उडणारं, म्हणूनच उडून जाणाऱ्या पेट्रोल-स्पिरिटलाही हाच शब्द. टोमॅटोचे भाव व्होलाटाइल, क्षणात भडकणाऱ्या माणसाचा स्वभाव व्होलाटाइल.

ट्युमल्चुअस : आवाज. मोठा, जमावाचा आवाज. आणि हा आनंदाचाही असतो. क्रिकेटचा सामना जिंकून आलेल्या संघाचं स्वागत ट्युमल्चुअस होतं. टर्ब्युलंट वेलकम मात्र कोणी लिहीत नाही.

स्टॉर्मी : हा आपल्या ‘वादळी’चा अगदी सख्खा भाऊ. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं आणि दोन्ही बाजूंनी घोषणा झाल्या की मराठी पेपर ‘वादळी अधिवेशन’ छापतो, इंग्रजी पेपर ‘स्टॉर्मी सेशन’. तिथे टर्ब्युलंट चुकीचा नाही, पण स्टॉर्मी जास्त सहज येतो. स्टॉर्मी एका बैठकीला, एका भेटीला लागतो. टर्ब्युलंटला जरा लांबी लागते : वर्ष, दशक, संसार, नदी.

माझ्या वर्गात मी एक प्रश्न विचारायला शिकवतो : यात काही हलतंय का, आणि ते हलणं आपल्या हातात आहे का? हलत नसेल तर मेसी किंवा अनस्टेबल. हलतंय, पण वळण सांगता येत नाही आणि थोपवताही येत नाही, तर टर्ब्युलंट. दहातल्या आठ वेळा एवढ्यावर निभावतं.

सोबती पाठ करा

विशेषण एकटं पाठ करू नये, जोडीने करावं. टर्ब्युलंटच्या ठरलेल्या जोड्या आहेत आणि त्या फार नाहीत. टाइम्स, इयर्स, पीरियड, हिस्टरी. वॉटर्स, वेदर, फ्लो. मॅरेज, रिलेशनशिप, चाइल्डहूड. मार्केट्स. यांच्या आधी टर्ब्युलंट डोळे मिटून लावा. टर्ब्युलंट जॉब, टर्ब्युलंट रोड, टर्ब्युलंट फूड असलं काही सुचलं तर थांबा. खड्ड्यांचा रस्ता बंपी असतो, रस्ता स्वतः खवळत नाही.

विमानाचं वेगळं. सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, पावसाळ्यात उतरताना ढगात विमान हादरायला लागतं आणि घोषणा होते की सीट बेल्ट बांधा, पुढे टर्ब्युलन्स आहे. पहिल्यांदा विमानात बसलेल्या आईवडिलांना हा शब्द ऐकून धडकी भरते. त्यांना सांगा, हवेतले भोवरे आहेत, नदीत होडी डुलते तसं विमान डुलतंय. पट्टा मात्र बांधायचाच, कारण पट्टा नसलेल्यांना इजा होते. वैमानिक त्याच्या पायऱ्या करतात : लाइट, मॉडरेट, सिव्हिअर, एक्स्ट्रीम. आकाश निरभ्र असतानाही तो येऊ शकतो, त्याला क्लिअर एअर टर्ब्युलन्स म्हणतात.

सायन्सवाल्यांसाठी

आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण वाचलात तर शब्द अजून पक्का होईल. बेळगावातच विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आपली कितीतरी मुलं त्याच्या कॉलेजांत मेकॅनिकल आणि सिव्हिलला जातात आणि तिथे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये लॅमिनार, म्हणजे शांत सरळ वाहणारा, आणि टर्ब्युलंट ही जोडी समोर येते.

१८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार मिसळली. पाणी हळू असताना रंगाची रेघ नळीभर सरळ राहिली. वेग वाढवत नेला तशी एका टप्प्यावर ती रेघ थरथरली आणि सगळ्या पाण्यात पसरून गेली. तुमच्या अगरबत्तीत जे झालं तेच. गंमत अशी की रेनॉल्ड्स स्वतः या हालचालीला टर्ब्युलंट म्हणत नव्हते, नागमोडी अशा अर्थाचा ‘सिन्युअस’ हा शब्द वापरत होते. टर्ब्युलन्स हे नाव विल्यम थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्विन, यांनी १८८७ मध्ये आणलं. जमावाचा शब्द असा प्रयोगशाळेत शिरला.

प्रवाह कोणत्या बाजूचा ते रेनॉल्ड्स नंबरने ठरवतात : वेग गुणिले नळीचा व्यास, भागिले द्रवाची काइनमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे त्याचा चिकटपणा मोजणारा आकडा. २ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सेकंदाला १० सेंटिमीटर सरकत असेल तर हा आकडा साधारण २००० येतो, आणि नळीतला प्रवाह शांत असतो. २३०० च्या आसपास तो बिघडायला लागतो आणि ४००० च्या वर सहसा पूर्ण टर्ब्युलंट होतो. त्याच नळीत पाणी सेकंदाला एक मीटर धावलं की आकडा २०,००० वर जातो. म्हणजे टाकीतून स्वयंपाकघरात येणारं आपलं रोजचं पाणी नळीत बहुतेक वेळ टर्ब्युलंटच असतं, बाहेरून दिसत नाही एवढंच. मध किंवा काकवी मात्र इतकी दाट की बाटलीतून ओतताना कधी खवळत नाही.

म्हणून विज्ञानाच्या पेपरात टर्ब्युलंट ही तक्रार नाही, माप आहे. इंग्रजीच्या पेपरात तो चांगल्या-वाईटाचा रंग घेऊन येतो. दोन्ही पेपर एकाच आठवड्यात असले तर हे लक्षात ठेवा.

वाक्य लिहायला बसा

पहिलं वाक्य नदीवर लिहा, कारण ते चुकणं कठीण आहे. ‘द मलप्रभा वॉज टर्ब्युलंट आफ्टर थ्री डेज ऑफ रेन.’ दुसरं घरातल्या एखाद्या वर्षावर. तिसरं आपल्या भागाच्या इतिहासावर.

आणि इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. परीक्षेत, मुलाखतीत, निबंधात आपल्या मुलांना सीमाभागाबद्दल लिहावं लागतं. त्यातली बरीचशी लिहितात : ‘अवर रीजन हॅज अ टर्ब्युलंट हिस्टरी.’ वाक्य व्याकरणात बरोबर आहे आणि तिथेच थांबतं. वाचणाऱ्याला काय कळलं? काहीतरी खळबळ झाली असावी, एवढंच. टर्ब्युलंट हा शब्द कोणी काय केलं ते सांगत नाही. पूर कोणी आणला असं आपण विचारत नाही, तसंच टर्ब्युलंट इयर्स म्हटलं की ती वर्षं आपोआप खवळली असं वाटतं. सरकारी अहवालांना आणि मोठ्या पेपरांना हा शब्द म्हणूनच सोयीचा पडतो. तुम्ही तो वापरा, पण लगेच पुढचं वाक्य घटनेचं लिहा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका सोडून, म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये या सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो मानला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. यातली एक ओळ जरी टर्ब्युलंटच्या मागे आली तरी विशेषणाला जमीन मिळते. तुमचं मत काहीही असो, मराठी घरातले असा की कन्नड घरातले, तारखा दोघांनाही त्याच आहेत.

हाच नियम घरच्या वाक्याला लावा. ‘२०१९ वॉज अ टर्ब्युलंट इयर फॉर अवर फॅमिली’ असं चिक्कोडीकडच्या एका मुलाने लिहिलं. मी विचारलं, म्हणजे काय झालं? तो बराच वेळ बोलला. ऑगस्टमध्ये कृष्णा आणि दूधगंगा चढली, घरात पाणी आलं, म्हशी उंचावर नेल्या, शाळेत राहिले, परत आले तेव्हा उसाला कुजका वास येत होता. मी म्हटलं, हे लिही. त्याने इंग्रजीत चारच वाक्यं लिहिली, त्यात दोन चुका होत्या, पण ‘वी टुक द बफलोज टू हायर ग्राउंड’ हे वाक्य वाचून वर्ग गप्प झाला. पहिल्या वाक्यातलं टर्ब्युलंट आता आपल्या जागी नीट बसलं होतं.

आठवडाभर काय करायचं

सोमवारी अगरबत्ती आणि उच्चार, तेवढंच. मधले दिवस इंग्रजी पेपरातली शेअर बाजाराची, हवामानाची आणि परदेशाची पानं चाळा, टर्ब्युलंट तिथेच भेटतो. भेटला की त्याच्या पुढचा शब्द वहीत उतरवा, अख्खं वाक्य नको. उलटं कामही करा : मराठी पेपरातला एक मथळा घ्या, ‘गदारोळ’, ‘खळबळ’, ‘तणाव’, ‘वादळी’, ‘उलथापालथ’ यांतलं जे असेल ते, आणि तिथे इंग्रजीत काय बसेल ते ठरवा. गदारोळाला अपरोर. खळबळीला बहुतेक वेळा स्टर. तणावाला टेन्शन, विशेषण हवं असेल तर टेन्स. टेन्स म्हणजे अजून काही फुटलेलं नाही, ताणलेलं आहे. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर बंधाऱ्यामागे साठलेलं. उलथापालथीला टर्ब्युलंट जवळ येतो.

बसमध्ये दोघं असाल तर एकाने वस्तू सांगायची, दुसऱ्याने विशेषण. गणपतीच्या आदल्या दिवशीची गणपत गल्ली? केऑटिक. कांद्याचा भाव? व्होलाटाइल. भावाचं कपाट? मेसी. आंबोलीच्या घाटातला जुलैचा ओढा? टर्ब्युलंट. खानापूर ते बेळगाव एवढ्या वाटेत तीस वस्तू सहज होतात.

शनिवारी तीन वाक्यं लिहून कोणाला तरी दाखवा, मास्तर नसतील तर वरच्या वर्गातल्या ताईला. ती मुलगी, जिची खोली टर्ब्युलंट होती, तिने पुढच्या शनिवारी मला वही दिली. पहिलं वाक्य खोलीचं होतं, त्यात मेसी. दुसरं मलप्रभेचं. तिसऱ्यात तिने लिहिलं होतं की वडील गोव्याला कामाला गेले ती दोन वर्षं आईसाठी टर्ब्युलंट होती, आणि त्याखाली आईने त्या वर्षांत काय काय विकलं त्याची यादी होती. स्पेलिंग बरोबर होतं. मी फक्त एका ठिकाणी ‘अ’ खोडला.